उंच आणि वजनदार चालकासाठी पहिली ट्रायल्स बाइक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी उंची ६ फूट ३ इंच आहे आणि बूट-हेल्मेट घालून काट्यावर उभा राहिलो की १०८ किलो भरतात. पहिली ट्रायल्स बाइक घेताना मला सल्ला देणारे जवळपास सगळे ७० किलोच्या आतबाहेरचे होते. त्यांचं म्हणणं त्यांच्या अंगाला बरोबर होतं, माझ्या अंगाला ते लागू पडत नव्हतं, हे कळायला मला एक अख्खा हंगाम लागला. तेव्हापासून माझ्यासारख्या अंगापिंडाच्या बऱ्याच जणांना बाइक निवडायला मदत केली आहे. प्रश्न तेच तेच येतात, म्हणून उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवतो आहे.

ट्रायल्स बाइक म्हणजे नेमकी कोणती?

दगड, ओढे, झाडांची मुळं, निसरडे चढ यांतून पाय न टेकता बाइक न्यायची, हा ट्रायल्सचा खेळ. आखून दिलेल्या तुकड्याला सेक्शन म्हणतात. सेक्शनमध्ये एकदा पाय टेकला की १ गुण, दोनदा टेकला की २, त्यापुढे कितीही वेळा टेकला तरी ३, आणि बाइक पडली किंवा हद्दीबाहेर गेली की थेट ५. सगळ्यात कमी गुण ज्याचे, तो जिंकला.

या कामासाठी बनवलेली बाइक ६५ ते ७५ किलोची असते. सीट नावालाच असते, टाकीत दोन-तीन लिटर पेट्रोल मावतं, पुढचं चाक २१ इंची, मागचं १८ इंची, आणि हँडल इतकं वळतं की बाइक जवळजवळ जागच्या जागी फिरते. एन्ड्युरो किंवा मोटोक्रॉसची बाइक हे काम करू शकत नाही. ती वेगासाठी बनलेली असते.

मी उंच आहे, वजन शंभरच्या वर आहे. हा खेळ मला जमेल का?

जमेल. वजनाची लाज बाळगून कुणी या खेळापासून लांब राहिलं की मला खरंच वाईट वाटतं.

जरा हिशोब करून पाहा. बाइक ७० किलोची आणि तुम्ही १०५ किलोचे, म्हणजे सेक्शनमध्ये जे १७५ किलो हलतंय त्यातले साठ टक्के तुम्हीच आहात. तुम्ही कंबर वीतभर मागे नेली की मागच्या टायरवर जो दाब येतो, तो ६० किलोच्या माणसाला कितीही मागे झुकून आणता येत नाही. ओल्या दगडावर पकड त्या दाबातूनच मिळते. शिवाय लांब पाय म्हणजे गुडघ्यातून खाली बसायला आणि झटक्यात वर उठायला जास्त अंतर. बाइकचं पुढचं चाक उचलणं, ओंडक्यावरून मागचं चाक ओढून घेणं, ही सगळी कामं त्या अंतरावर चालतात.

उलट बाजूही आहे. तोल एकदा गेला की सावरायला जास्त ताकद लागते आणि दम लवकर लागतो. बाइक कारखान्यातून येते ती साधारण ७०-८० किलोच्या माणसाला धरून बनवलेली असते. दम सरावाने वाढतो. बाइकचं काय करायचं, ते पुढे येतंच आहे.

किती सीसीची घ्यावी?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि लोक जितकं समजतात तितकं त्यावर अवलंबून नसतं. तरी उत्तर देतो: बहुतेक उंच, वजनदार नवशिक्यांनी २५० घ्यावी.

ट्रायल्सच्या टू स्ट्रोक बाइक साधारणपणे १२५, २००, २५०, २८० आणि ३०० सीसीत मिळतात. "शिकायला लहान इंजिन बरं" हा सल्ला हलक्या माणसासाठी योग्य आहे. १२५ चं इंजिन खालच्या फेऱ्यांवर रिकामं असतं. जोर हवा तर ते फिरवत ठेवावं लागतं आणि क्लच मोजून मापून सोडावा लागतो. १०० किलोचा माणूस त्यावर बसून चढाला लागला की मध्येच इंजिन मान टाकतं. मग तो पुढच्या खेपेला घाबरून जास्त मूठ पिळतो, क्लच एकदम सोडतो आणि बाइक अंगावर येते. म्हणजे ज्या झटक्याच्या भीतीने लहान इंजिन घेतलं, तोच झटका लहान इंजिनामुळे बसला.

३०० चं गणित वेगळं आहे. ताकद तुम्हाला पेलवेल, पण चूक झाली तर ती मोठी होते. दगडावर तोल गेला की माणूस आपसूक हँडलला लटकतो, मूठ पिळली जाते, आणि ३०० सीसीचं तापलेलं इंजिन तेव्हा वाट पाहत नाही. जड माणसाच्या हातून ही मूठ जास्त जोरात पिळली जाते, कारण तोल जाताना लटकणारं वजन जास्त असतं.

२५० मध्ये खालून जोर पुरेसा असतो. जवळपास आयडलिंगवर, क्लच न धरता, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये ती तुम्हाला गुडघ्याएवढ्या दगडांतून ओढत नेते. २०० ही मधली निवड ८०-८५ किलोपर्यंत फार गोड आहे, त्यापुढे ती कमी पडायला लागते.

स्वस्तात चांगली ३०० मिळाली तर सोडू नका, तिला मऊ करता येतं. मूठ पिळल्यावर सावकाश उघडणारी थ्रॉटल ट्यूब बसते, काही मॉडेल्सना जड फ्लायव्हील लागतं, सिलिंडर हेडमध्ये कॉम्प्रेशन कमी करून इंजिन शांत करता येतं. ज्या बाइकला ओल्या-कोरड्या जमिनीसाठी मॅप (इंजिनाचा जोर कसा मिळेल ती सेटिंग) बदलायचं बटण आहे तिथे पहिले सहा महिने ते ओल्यावरच ठेवा.

दात बदलणं हाही सोपा उपाय आहे. पुढचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, ११ दातांचं असेल तर १० चं बसवा. मागचं ४२ चं असेल तर गुणोत्तर ३.८२ वरून ४.२ होतं, म्हणजे सगळे गिअर सुमारे दहा टक्क्यांनी खाली येतात. बाइक आणखी सावकाश चालते आणि क्लचवरचा भार कमी होतो.

टू स्ट्रोक की फोर स्ट्रोक?

दोन्ही चालतात. माँटेसा कंपनीने २००५ साली फ्युएल इंजेक्शनची कोटा ४आरटी ही फोर स्ट्रोक बाइक आणली आणि टोनी बोऊ २००७ पासून त्याच घराण्यातल्या बाइकवर दरवर्षी जागतिक विजेता होत आला. तेव्हा फोर स्ट्रोक मागास असते हा मुद्दा निकालात निघाला.

वजनदार चालकाला फोर स्ट्रोकमध्ये आवडण्यासारखी गोष्ट म्हणजे उतारावर इंजिनच बाइक धरून ठेवतं. शंभर किलो मागून ढकलत असताना ही मदत छोटी नसते. पण हेच इंजिन ब्रेकिंग सपाटीवर वळताना नवशिक्याला अडतं: मूठ सोडली की बाइक थबकते, तोल जातो आणि पाय टेकतो. शिवाय बाइक काही किलोंनी जड असते आणि आडवी पडून बंद झालेली चालू करायला कधी कधी चिकाटी लागते. टू स्ट्रोक हलकी, उघडायला सोपी, आणि मूठ सोडली तरी मोकळी वाहते. स्वतः पाना हातात घेणाऱ्याने टू स्ट्रोक घ्यावी, असं माझं मत.

बॅटरीवरच्या ट्रायल्स बाइकही आता बऱ्याच चांगल्या आहेत. इलेक्ट्रिक मोशनची एप्युर त्यांतली एक. त्यांत जोर अगदी शून्यापासून मिळतो. वजनदार चालकाची बॅटरी लवकर उतरते, एवढं धरून चाला.

मग सगळ्यात महत्त्वाचं काय?

स्प्रिंग. मागचा एक, आणि त्याच्या बरोबरीने पुढच्या फोर्कचे, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या नळ्यांतले.

माझ्या पहिल्या हंगामातली गोष्ट सांगतो. चढावर पुढचं चाक सारखं वर यायचं. सपाटीवर तीव्र वळण घेतलं की तेच पुढचं चाक बाहेर सरकायचं. मला वाटायचं, आपलं तंत्र चुकतंय. महिनोन्महिने वळणांचा सराव केला. एक दिवस एका जुन्या जाणत्या चालकाने मला बाइकवर उभं केलं, स्वतः मागे उकिडवा बसला आणि मेजरिंग टेप लावली. चाक हवेत असताना मागच्या आसापासून मडगार्डवरच्या खुणेपर्यंत ५६० मिलिमीटर. मी उभा राहिल्यावर ४७५. चाकाचा सगळा प्रवास १७५ चा, त्यातले ८५ मी नुसता उभा राहिल्यावरच खाऊन टाकले होते. बाइक कायम मागे बसलेली, फोर्क आडवा पडलेला, पुढचं चाक हलकं. मग ते वळेल कसं? कडक स्प्रिंग बसवला आणि पहिल्याच दिवशी, काहीही नवीन न शिकता, वळणं लागायला लागली.

हे माप मी स्वतः कसं घेऊ?

तीन जण लागतात: तुम्ही, बाइक धरणारा आणि टेप धरणारा. बाइकखाली स्टूल किंवा खोकं ठेवून मागचं चाक अधांतरी करा. आसाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डवर मार्करने खूण करा आणि अंतर लिहून घ्या. मग बाइक जमिनीवर उतरवा आणि नुसतं बाइकच्या वजनाने ती किती बसते ते पाहा. शेवटी हेल्मेट-बुटांसकट फूटरेस्टवर उभे राहा, दोन-तीनदा गुडघ्यांतून दाबून स्थिर व्हा आणि तिसरं माप घ्या.

तुम्ही उभे असताना बाइक एकूण प्रवासाच्या साधारण एक तृतीयांश बसली पाहिजे. १७५ मिलिमीटरचा प्रवास असेल तर ५५ ते ६० च्या आसपास. नुसती बाइक स्वतःच्या वजनाने १५-२० मिलिमीटर बसावी.

मागच्या स्प्रिंगला दाबून धरणारी चकती आवळली की काम होत नाही का?

थोड्या फरकासाठी होतं. पण चकती आवळल्याने स्प्रिंग कडक होत नाही, फक्त आधीच दाबून ठेवला जातो. बाइक वर उचलली जाते, माप कागदावर बरोबर दिसतं, पण दगडावरून खाली उतरताना मऊ स्प्रिंग मऊच वागतो आणि शॉक तळाला आपटतो.

ओळखायची खूण सोपी आहे. तुमच्या वजनाचं माप बरोबर येईपर्यंत चकती आवळा, मग उतरून नुसत्या बाइकचं माप पुन्हा घ्या. बाइक स्वतःच्या वजनाने अजिबात बसत नसेल, मागून ताठ उभी राहत असेल, तर स्प्रिंग तुमच्यासाठी मऊ आहे आणि बदलायलाच हवा. शॉकवर किंवा स्प्रिंगवर अनेकदा त्याचा आकडा कोरलेला असतो. तो आणि आपलं वजन सांगितलं की सस्पेन्शनचं काम करणारा माणूस पुढचा आकडा सुचवतो.

मागचा बदलून पुढचा तसाच ठेवू नका. तसं केलं तर बाइक नाकावर बसते आणि उतारावर हात भरून येतात. काही फोर्कमध्ये स्प्रिंग एकाच नळीत असतो आणि दुसऱ्या नळीत फक्त तेलाचं काम चालतं, म्हणून सामान मागवण्याआधी आपल्या मॉडेलची पुस्तिका बघा.

उंचीचं काय? हँडल कुठे असावं?

आधी हे लक्षात घ्या की ट्रायल्स बाइकवर बसून माप बघायचं नसतं. दुकानात लोक टेकतात, दोन्ही पाय जमिनीला लागले की खूश होतात. सीटची उंची साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास असते, तिथे कुणाचेही पाय पोचतात. बाइक घेताना कुणाला तरी पुढचं चाक पायांत धरायला सांगा आणि फूटरेस्टवर उभे राहा.

गुडघे किंचित वाकलेले, कंबर फूटरेस्टच्या बरोबर वर, मान समोर. आता हात सहज हँडलवर ठेवा. कोपर थोडे बाहेर आणि पाठ जवळपास सरळ राहिली तर बाइक तुम्हाला बसते. हँडल धरण्यासाठी कंबरेतून वाकावं लागत असेल तर तासाभरात पाठ धरेल. शिवाय तुमचं डोकं आणि छाती पुढच्या चाकाच्या दिशेने कलल्यामुळे उतारावर वजन मागे नेणं अवघड जाईल. उंच माणसं ही अडचण गुडघे जास्त वाकवून भागवतात. मांड्या थरथरायला लागल्या की समजावं, हँडल खाली आहे.

उपाय पायरीपायरीने करा. पहिली पायरी बिनखर्चाची: हँडलचे क्लॅम्प ढिले करून हँडल फिरवा. बाजूने पाहिल्यावर हँडलचा उभा भाग फोर्कच्या रेषेला समांतर किंवा त्याहून किंचित पुढे असला पाहिजे. बरेच जण जवळ वाटावं म्हणून ते मागे ओढून ठेवतात, त्याने उंच माणसाच्या गुडघ्यांना हँडल लागतं. एवढ्याने भागलं नाही तर जास्त उठावाचं हँडल घ्या. मूळ हँडलचा उठाव साधारण १२५ ते १४० मिलिमीटर असतो, १५० चं सहज मिळतं. तरीही कमी पडलं तर क्लॅम्पखाली हँडल उचलणारे १०-१५ मिलिमीटरचे राइझर लावा.

आणि मग थांबा. हँडल फार वर गेलं की पुढच्या चाकावरचा भार कमी होतो आणि वळताना ते जमीन धरत नाही. हँडल वर केल्यावर दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवून वायर आणि ब्रेकचे होज ताणले जात नाहीत ना, ते पाहायला विसरू नका. थ्रॉटलची वायर ताणली गेली तर वळताना आपोआप रेस वाढते, आणि ती नेमकी कड्याच्या बाजूला वळताना वाढते.

फूटरेस्ट खाली घेऊ का?

गुडघा जास्तच दुमडत असेल तर १० मिलिमीटर खाली घेणारे ब्रॅकेट काही मॉडेल्सना मिळतात. उंच माणसाला त्याने सुटसुटीत वाटतं. पण फूटरेस्ट खाली म्हणजे दगडाला लवकर लागणार, आणि ते मागेही सरकवले तर पुढचं चाक आणखी हलकं. मी आधी स्प्रिंग, मग हँडल आणि अगदी शेवटी फूटरेस्ट या क्रमाने जातो. बरेचदा तिसऱ्यापर्यंत जावंच लागत नाही, कारण कडक स्प्रिंगने बाइक मुळात वर येते.

रुंद फूटरेस्ट मात्र पहिल्या आठवड्यातच घाला. मोठ्या तळव्याखाली अरुंद पट्टी असली की सगळं वजन एका रेषेवर येतं आणि बुटाचा तळ वाकतो.

गिअरचा खटका मुद्दामच लांब, पायाच्या चवड्यापुढे ठेवलेला असतो, म्हणजे उड्या मारताना चुकून गिअर पडत नाही. ४६-४७ नंबरचा बूट असेल तर तोही जवळ वाटू शकतो. खटक्याचं टोक आणि बुटाचं टोक यांत बोटभर फट आहे का, ते पाहा.

नवी घ्यावी की वापरलेली?

पहिली बाइक वापरलेली घ्यावी, पाच-सहा वर्षांच्या आतली, आणि वाचलेल्या पैशातून स्प्रिंग आणि हँडल बदलावं. पहिल्या वर्षी तुम्ही तिला शेकडो वेळा पाडणार आहात. नव्या बाइकच्या पहिल्या ओरखड्याला जो जीव तुटतो, तो सरावाच्या आड येतो.

वापरलेली बघताना मी इंजिनाच्या आधी सांधे बघतो. बाइक खोक्यावर ठेवून मागचं चाक हवेत घ्या. टायर वरून धरून वर-खाली उचला. शॉक हलायच्या आधी टक् असा आवाज येऊन मोकळा खेळ जाणवला तर शॉकला जोडणाऱ्या सांध्यांची, म्हणजे लिंकेजची बेअरिंगं गेली आहेत. मग स्विंगआर्म, म्हणजे मागचं चाक धरणारा दांडा, डावी-उजवीकडे ढकला. मी पहिली बाइक घेताना हे केलं नव्हतं. विकणाऱ्याने ती इतकी चकाचक धुऊन ठेवली होती की मी इंजिनाचा आवाज ऐकला आणि पैसे दिले. लिंकेज उघडलं तर सुयांच्या बेअरिंगच्या जागी गंजाचा लालसर चुरा होता. मानेची बेअरिंगं तपासायला पुढचं चाक उचलून हँडल सावकाश फिरवा. मधोमध खाच लागल्यासारखं अडलं तर तीही बदलायला आलीत.

नंतर फूटरेस्ट जिथे चेसिसला जोडले आहेत तो भाग बॅटरीच्या उजेडात बारकाईने पाहा. रंगाखाली केसासारखी रेष, वेल्डिंग पुन्हा केल्याची खूण, ब्रॅकेट खाली झुकलेलं. हलक्या चालकाला हे वर्षभर चाललं असतं. तुम्ही त्यावर उड्या मारणार आहात, म्हणून इथे शंका आली तर बाइक सोडून द्या. मागच्या चाकाच्या तारा एकेक करून बोटाने छेडा, एखादी ढिली असेल तर आवाजच निराळा येतो. इंजिनाखालच्या प्लेटला पोचे असणारच, पण प्लेट आत दबून इंजिनाला टेकली असेल तर चेसिसच्या नळ्याही बघा.

इंजिन थंड असतानाच चालू करायचा आग्रह धरा. विकणाऱ्याने आधीच तापवून ठेवलं असेल तर चहा पिऊन परत या. तापल्यावर रेडिएटरचा पंखा आपोआप फिरतो का ते पाहा. जड चालक सावकाश चढताना पंख्यावर जास्त अवलंबून असतो. क्लच दाबून पहिला गिअर टाका. बाइक पुढे सरकू बघत असेल तर क्लच चिकटतोय. तेल बदलून कधी कधी सुटतो, कधी प्लेटा बदलाव्या लागतात.

कोणती कंपनी चांगली?

बेटाची इव्हो, शेर्कोची एसटी, टीआरआरएसची वन, गॅस गॅसची टीएक्सटी, माँटेसाची कोटा आणि व्हर्टिगो, या सगळ्या नवशिक्याच्या कुवतीपेक्षा कितीतरी चांगल्या बाइक आहेत. टीआरआरएस ही सात वेळा जागतिक विजेता झालेल्या जोर्दी तारेसने उभी केलेली कंपनी. यांतली कुठलीही घ्या, पण स्पेअर पार्ट कुठून आणि किती दिवसांत मिळतात, हे आधी विचारा. तुमच्या मॉडेलचा कडक स्प्रिंग मिळतो की नाही, हा तर पहिला फोन. स्वभावाने बेटा इव्हो २५० मला मऊ आणि क्षमाशील वाटते, म्हणून कुणी अडूनच विचारलं तर मी तिचं नाव घेतो.

मागे दोन शॉक असलेली जुनी बाइक घेतली तर?

प्रेमाने घ्या, पण पहिली म्हणून नको. त्या बाइकमागे मोठा इतिहास आहे. जॉनी ब्रिटनने १९५२ आणि १९५७ साली रॉयल एनफील्डवर स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल ही स्कॉटलंडची सहा दिवसांची ट्रायल्स स्पर्धा जिंकली होती. ५०० सीसीच्या एरियलवर जिंकत आलेल्या सॅमी मिलरने १९६५ साली हलक्या बुल्टाको शेर्पावर तीच स्पर्धा जिंकली आणि मोठ्या फोर स्ट्रोकांचा जमाना सरला. १९७५ साली जागतिक अजिंक्यपद सुरू झालं तेव्हा पहिला विजेता मार्टिन लॅम्पकिनही बुल्टाकोवरच होता.

यामाहाची टीवाय १७५ किंवा होंडाची टीएलआर २०० आजही चालवायला फार सुखाची आहे. अडचण ड्रम ब्रेकची आहे. ९० किलोची बाइक आणि १०० किलोचा चालक ओल्या उतारावर दोन बोटांनी थांबवणं त्या ब्रेकना जड जातं, आणि नवशिक्याचा सगळा विश्वास ब्रेकवरच असतो.

सीट असलेली ट्रायल्स बाइक मिळते, ती उंच माणसाला बरी का?

माँटेसाची ४राइड किंवा टीआरआरएसची एक्स-ट्रॅक यांसारख्या बाइकना सीट आणि मोठी टाकी असते. डोंगरवाटांवर दिवसभर भटकायचं असेल तर छान. पण उंच माणूस सेक्शनमध्ये गुडघे वाकवून खाली येतो तेव्हा सीट नेमकी मध्ये येते. सेक्शनच शिकायचे असतील तर सीट नकोच.

टायरमध्ये हवा किती ठेवू?

पुढे ५ ते ६ पीएसआय, मागे ४ च्या आसपास, हे सर्वसाधारण आकडे. शंभर किलोच्या वर असाल तर मागे ५ आणि पुढे ६-७ पासून सुरुवात करा. दगडाच्या धारेवर रिम ठक्कन लागला तर अर्धा पीएसआय वाढवा, लागतच नसेल तर अर्धा कमी करून बघा. मागचं टायर बहुधा ट्यूबलेस असतं, पुढच्यात ट्यूब असते. त्यामुळे पुढे हवा कमी ठेवली की ट्यूब रिममध्ये चिमटून पंक्चर होते.

पेट्रोल पंपावरच्या गेजवर हे आकडे वाचता येत नाहीत. ० ते १५ पीएसआयचा छोटा गेज घ्या आणि खिशात ठेवा. टायर खास ट्रायल्सचंच हवं, मोटोक्रॉसच्या उंच गुटक्यांचं टायर दगडावर घसरतं.

अंगावर काय घालू?

हेल्मेट, गुडघ्यांचे पॅड, हातमोजे आणि घोट्याच्या वरपर्यंत येणारे ट्रायल्सचे बूट. मोटोक्रॉसचे बूट इतके ताठ असतात की घोटा वाकत नाही आणि फूटरेस्टवर तळवा कळत नाही. लॅनयार्डची दोरी मनगटाला अडकवायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. तुम्ही पडलात की ती इंजिन बंद करते. वजनदार माणसाच्या खाली चालू बाइक अडकली तर बाहेर निघायला वेळ लागतो.

माझा सोळा वर्षांचा मुलगाही तीच बाइक चालवणार आहे. तो ५८ किलोचा आहे. जमेल?

१०५ आणि ५८ या दोघांना एकच स्प्रिंग बरोबर बसणार नाही. स्प्रिंग तुमच्या वजनाचाच घाला. हलक्या चालकाला कडक बाइक उसळी मारते, त्रास होतो, पण तो सावकाश गेला तर सांभाळून घेतो. जड माणसाखाली तळाला आपटणारा शॉक मात्र बाइक आणि पाठ दोन्ही मोडतो.

मुलाच्या पाळीला चकती ढिली करा, फक्त ती स्प्रिंगवरून सुटून खेळायला लागणार नाही इतपतच. मागची हवा ४ वर आणा. शॉकच्या परतीचा स्क्रू, ज्याने स्प्रिंग उलटताना बाइक किती सावकाश वर येते ते ठरतं, तो त्याच्यासाठी दोन-तीन खटके सावकाशकडे फिरवा. कडक स्प्रिंग हलक्या माणसाला वर फेकतो, तो त्याने जरा धरला जातो. तुमचे आणि त्याचे आकडे, चकतीचे फेरे, स्क्रूचे खटके आणि हवा, कापडी टेपवर लिहून मागच्या मडगार्डच्या खालच्या बाजूला चिकटवून ठेवा. आमच्याकडे ती टेप तीन वर्षं टिकली. मुलाचं वजन वाढत गेलं तसे त्याच्या रांगेतले आकडे खोडून खोडून माझ्या आकड्यांच्या जवळ येत गेले.